दाराबाहेरचा सातवा

लॉजचा इतिहास लिहून ठेव, असं शेठनं मला सांगितलं. म्हणाला, सातांत तूच रिकामा, आणि मोजणी खात्यात जन्म गेल्यामुळं तुझं अक्षर बरं आहे. मी म्हटलं, लिहितो, पण माझ्या मनासारखं लिहीन, मागनं तोंड वाकडं करायचं नाही. त्यानं मान डोलावली. सनद कधी आली, पहिले सभासद कोण, पहिला फोटो कुठं काढला, असं दोन पानांत मी आटपून टाकीन, असं त्याला वाटलं असणार. तेही सांगतो. पण मला सुरुवात दाराबाहेरून करावी लागेल, कारण लॉज सुरू होऊन सहा वर्षं झाली आणि ती सहाच्या सहा मी दाराबाहेर काढली आहेत.

आधी फ्रीमेसन म्हणजे काय ते. जुन्नरच्या बाजारात मला हे इतक्यांदा विचारलंय की आता मी उभ्या उभ्या सांगून मोकळा होतो. पूर्वी विलायतेत दगडी इमारती बांधणाऱ्या गवंड्यांच्या टोळ्या होत्या. त्यांच्या आपसात ओळखीच्या खुणा होत्या, एकमेकांना सांभाळून घ्यायची रीत होती. पुढं गवंडी राहिले बाजूला आणि डॉक्टर, वकील, व्यापारी आत शिरले. गुण्या, कंपास, ओळंबा ही गवंड्याची अवजारं तेवढी निशाणी म्हणून राहिली. सभेत धर्मावर बोलायचं नाही, राजकारणावर बोलायचं नाही, सरळ वागायचं, अडलेल्याला हात द्यायचा. बायकांना घेत नाहीत. काही शब्द आणि काही खुणा गुप्त असतात, त्या मी सांगणार नाही. सांगण्यासारखं त्यात फार काही नाहीही, पण शपथ ती शपथ. अशा एका शाखेला लॉज म्हणतात. आमच्याकडं लॉज म्हटलं की लोकांना स्टँडजवळच्या खोल्या आठवतात, त्यामुळं सुरुवातीला माझ्या बायकोला आळीत काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिचं तिलाच माहीत. काहींनी आम्ही गुप्तधन काढतो असंही उठवलं होतं. आमच्या सातांपैकी एकालाही घरात ठेवलेला चष्मा सापडत नाही, तर गुप्तधन कुठलं सापडायला.

शेठ माझा शाळेपासूनचा दोस्त. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण चार पिढ्या जुन्नरच्या पेठेत किराणा दुकान. मारवाडी त्याला पाहुण्यांपुरती येते, भांडण मराठीतून करतो. त्याच्या दुकानातला हिंग पंचक्रोशीत नावाजलेला. हिंगाचे खडे तो अजून स्वतः फोडतो, स्वतः पुड्या बांधतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्यामुळं त्याच्या बोटांना कायम हिंगाचा वास. साबण लावा, राख लावा, जात नाही. मी दहावीपर्यंत त्याच्या बाकावर बसलो आहे, तो वास मला झोपेतही ओळखू येईल.

आम्ही बोरी बुद्रुकचे धनगर. वडिलांची मेंढरं होती. मी शिकलो आणि सरकारी साखळी घेऊन लोकांची शेतं मोजत हिंडलो. पुतण्यानं अजून पंधरा-वीस मेंढरं ठेवलीत, बाकी सगळा ऊस आणि कांदा.

शेठ माल आणायला पुण्याला जायचा, तिथं कुणीतरी त्याला लॉजमध्ये नेलं. त्याला ते इतकं आवडलं की पुढच्या खेपेला मला ओढत घेऊन गेला. मीही गेलो, कारण त्याला एकट्याला काही सुखानं करता येत नाही. महिन्यातून एकदा आम्ही एस.टी.नं जायचो, परत यायचो. लॉजमध्ये तीन पायऱ्या असतात, त्या चढल्या की माणूस पक्का सभासद होतो. मी तिन्ही चढलो आणि मग कंटाळून जायचं बंद केलं.

तेवढ्यात शेठच्या डोक्यात किडा वळवळला की जुन्नरला आपली स्वतःची लॉज पाहिजे. त्याला सात पक्के सभासद लागतात. सात जण असल्याशिवाय लॉज काढता येत नाही, आणि काढल्यावर सात जण हजर असल्याशिवाय ती उघडता येत नाही. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके धुंडाळून शेठनं दोन डॉक्टर, एक वकील, बँकेतून निवृत्त झालेला एक साहेब आणि मंचरकडचा एक बटाट्याचा बागायतदार असे गोळा केले. हे सगळे कधी ना कधी पुण्याला जाऊन पक्के झालेले. शेठ धरून सहा. सातवा मीच उरलो होतो.

पाच वेळा घरी आला. मी नाही म्हणायचो, तो चहा पिऊन जायचा. पाचव्यांदा बायकोच मला म्हणाली की करून टाका सही, बिचारा चहा पिऊन पिऊन दमला. मी केली. हे मी तिला नंतर कितीतरी वेळा ऐकवलं आहे. तिनंही ते कधी नाकारलं नाही, त्यामुळं ऐकवण्यात मजा येईना.

तर अशी स्थापना झाली. शेठच्या दुकानावरचा मजला रिकामा केला. तिथं गुळाच्या भेल्या आणि शेंगदाण्याची पोती असायची, मुंगळे अजून निघतात. बागायतदारानं आपल्या हातानं फरशीवर काळे-पांढरे चौकोन रंगवले, एका कोपऱ्यात त्याचं गणित चुकलं आणि तिथं दोन काळे शेजारी शेजारी आले, ते तसेच आहेत. पुण्यात सभा संध्याकाळी व्हायच्या, नंतर जेवण आणि पेले. शेठ सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही, म्हणून आमची सभा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तीनला. जेवण कांदा-लसणाशिवाय, दिवस मावळायच्या आत, आणि पेल्यात ताक. अध्यक्ष शेठच. एक वर्षानं बदलायचं ठरलं होतं, पण अध्यक्षाचं लांबलचक भाषण दुसऱ्या कुणाला पाठ होईना.

आणि मी दाराबाहेर. लॉजची एक रीत आहे, सभा चालू असताना एक सभासद बंद दाराबाहेर पहाऱ्याला उभा असतो. परका कुणी जिना चढून आला तर त्यानं अडवायचं, उशिरा आलेल्या आपल्या माणसासाठी ठरलेल्या पद्धतीनं दार ठोठावायचं. पुण्यात त्याच्या हातात उपसलेली तलवार असते. आमच्या वकिलानं सांगितलं की बाजारपेठेत तलवार घेऊन उभा राहिलास तर पहिल्याच सभेला पोलीस येतील. म्हणून मी वडिलांची काठी आणली. याच काठीनं वडील मेंढरांच्या जाळीबाहेर बिबट्यासाठी बसायचे. त्यांच्या वेळी बिबट्या खरोखर यायचा. माझ्या वेळी सहा वर्षांत एक कुरिअरवाला आणि चुकून वर आलेलं एक कुत्रं आलं.

हे काम वर्षापुरतं आहे असं मला सांगितलं होतं. पण बाकीच्या सहांनी आतली एकेक जागा धरली, त्यातलं बोलणं पाठ केलं, आणि माझ्या जागेला पाठांतर काहीच नव्हतं. मी बाहेरचा तो बाहेरचाच राहिलो. जिन्याच्या वरच्या पायरीशी एक लाकडी स्टूल, पाठीमागं बंद दार, पुढं अंधारा जिना, डाव्या हाताला हातभर खिडकी. खिडकीतून गल्लीचा तुकडा दिसतो, मोटारसायकली जातात, एस.टी.चा हॉर्न ऐकू येतो. आतलं बोलणं नीट ऐकू येत नाही, फक्त लाकडी हातोडीचे ठोके येतात, त्यावरनं मी ओळखायचो की आता कुठवर आलेत. उन्हाळ्यात वरचा पत्रा असा तापायचा की बनियन पिळून काढावं. आजारी पडायची सोय नाही, गावाला जायची सोय नाही. एकदा मला ताप होता तर दोन्ही डॉक्टरांनी मिळून मला गोळी दिली आणि स्टुलावर बसवलं. कारण मी नसलो की सहाच, आणि सहांनी लॉज उघडत नाही. ओळीनं काही सभा झाल्या नाहीत की सनद पुण्याला परत.

तरी हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण चौथ्या वर्षी लेकीला मुलगा झाला.

लेक बंगळूरला असते, जावई तिथंच कामाला. बायको बाळंतपणाला गेली, सव्वा महिन्यासाठी. सव्व्याचे सहा झाले, सहाचं वर्ष. लेकीची नोकरी सुरू झाली, दोघं सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात, पोराला कुणी बघायचं? बायको तिथंच राहिली. मी इथं, कुकरच्या शिट्ट्या मोजत. ती दर संध्याकाळी सातला फोन करायची. आधी नातवाचं सगळं सांगायची, मग मी काय जेवलो ते विचारायची. एकदा म्हणाली, "अहो, हितं मला दिवसभर मराठीत कुणी हाक मारत न्हाई." बाईनं चाळीस वर्षांत माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, हेही मागितलं नाही, नुसतं सांगितलं.

मी शेठला सांगितलं, मला मोकळं कर. शेठ म्हणाला, आठवा माणूस आला की तू मोकळा. मी बायकोला तेच सांगितलं, आठवा आला की दुसऱ्या दिवशी गाडी धरतो. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. त्या दिवसापासून तिच्या फोनचा शेवटचा प्रश्न ठरून गेला, मिळाला का आठवा?

मधे एकदा पंधरा दिवसांसाठी मी जाऊन आलो. तेही सांगायला हवं. बारावा मजला. गॅलरीत गेलो की मी कठडा धरूनच उभा राहायचो. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडं न बघता उभी राहतात. नातू गोड, पण त्याला माझी भाषा समजेना, मला त्याची. बायको माझ्या मागंपुढं करायची, रोज वेगळी भाजी, तिचा चेहरा फुललेला. आणि मी खाली जाऊन वॉचमनशेजारी बसायचो, कारण त्या सगळ्या इमारतीत काम काय ते मला त्याचंच कळायचं. पंधरा दिवसांचा बेत होता, मी तेराव्या दिवशी निघालो. सभा आहे म्हणून सांगितलं. सभा होती, पण पाच दिवसांनी.

आता आठव्याचं सांगतो. लॉजमध्ये नवा माणूस घ्यायचा तर गुप्त मतदान होतं. पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या असतात, पांढरी म्हणजे घ्या, काळी म्हणजे नको. एकसुद्धा काळी निघाली की माणूस नापास. कुणी टाकली हे विचारायचं नाही, का टाकली हे तर मुळीच नाही. पुण्याला हस्तिदंती गोळ्या आणि शिसवी पेटी. आम्ही सुताराकडून उंच बाजूंची एक पेटी करून घेतली, म्हणजे समोर उभा असेल त्यालाच आतलं दिसतं. आणि गोळ्या म्हणून रिठ्याच्या बिया, काळ्याभोर, वाटोळ्या, टणक. शेठच्या दुकानातूनच आणल्या. निम्म्यांना मी पांढरा ऑइलपेंट दिला. वरच्या कप्प्यातनं एक बी उचलायची, भोकातनं खाली सोडायची. सगळ्यांत शेवटी मला आत बोलवायचे, तेवढ्यापुरतं दुसरं कुणीतरी दार धरून उभं राही. मग शेठ खालचा खण ओढून निकाल सांगे. बिया परत गोळा करून ठेवणं माझ्याकडं, आणि निकाल उमेदवाराला जाऊन सांगणंही माझ्याकडं.

पहिला उमेदवार घोडेगावकडचा गुरांचा डॉक्टर. माणूस सोन्यासारखा. पुतण्याच्या मेंढ्यांना रोग आला तेव्हा तीन दिवस बोरीला हेलपाटे घातले होते त्यानं. मीच त्याचं नाव सुचवलं होतं. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून तो समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता. खण ओढला तर सहा पांढऱ्या आणि एक काळी.

मी खाली जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या काका, माझंच काहीतरी कमी असंल." वर येऊन मी सहाही तोंडं बघितली. सगळी सारखी. विचारायची सोय नाही. संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं, पुढच्या वेळी होईल.

सहा महिन्यांनी दुसरा आला, जुन्नरचाच फोटो स्टुडिओवाला. परत एक काळी. आता माझं डोकं फिरलं. मला वकिलाचा संशय, कारण त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर हरकत असते. मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही, आणि तो बिचारा कारण न कळून मला रोज नमस्कार घालायचा. पण त्या दिवशी बिया गोळा करताना काळी बी हातात आली आणि मला वास आला. हिंगाचा.

मी स्वतःला म्हटलं, बिया आल्याच मुळी त्याच्या दुकानातनं, वास येणारच. पण माझा जन्म मोजणीत गेलेला, अंदाजावर मी कुणाची हद्द सरकवत नाही. सगळ्या बिया घरी नेल्या, सोड्यानं धुतल्या, गच्चीवर आठ दिवस उन्हात टाकल्या. नाक लावून एकेक बघितली. कशालाच कसला वास नव्हता.

तिसऱ्यांदा उमेदवार मंचरचा खतं-बियाणांचा दुकानदार. त्या वेळी बायकोनं मला संकष्टीला ओझरला पाठवलं होतं. विघ्नहराच्या समोर उभं राहून मोठ्यानं सांगा म्हणाली, आठवा माणूस येऊ दे. अष्टविनायकांपैकी आहे, त्याला आठाचं कळतं म्हणे. मी गेलो, रांगेत उभा राहिलो, मागची माणसं ढकलत असताना मोठ्यानं सांगितलंही. मागचा एक जण म्हणाला, पावणं, आटपा.

खण ओढला. सहा पांढऱ्या, एक काळी. मी गोळा करताना एकेक नाकाशी धरली. पांढऱ्या सहांना काही नाही. काळीला हिंग.

रात्रभर तळमळलो असं म्हणणार नाही, गाढ झोपलो. खरं कळलं की झोप लागते. सकाळी दुकान उघडायच्या वेळी जाऊन शेठसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, तोळाभर हिंग दे. त्यानं पुडी बांधली. मी ती त्याच्यासमोर नाकाशी धरली आणि त्याच्याकडं बघत राहिलो. चांगला वेळ. त्याच्या हातातला दोरा तसाच राहिला.

"कळलं व्हय तुला," तो म्हणाला.

मी विचारलं, तिन्ही वेळा? तो म्हणाला, तिन्ही. मग मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी बोललो. माझी बायको तिकडं माणसाच्या आवाजाला महाग झालीय, आणि तू इथं माझ्या पायात खोडा घालून बसलास, वर अध्यक्षाच्या खुर्चीत बसून सरळ वागायचं भाषण ठोकतोस. तो खाली मान घालून ऐकत होता. गिऱ्हाईक निघून गेलं. मग तो हळूच म्हणाला,

"पोरं सुरतेला गेली. घरात कुणी ऱ्हायलं न्हाई. हितं मला शेठ म्हननारी सगळी पेठ हाय राव. गाढवा म्हननारा तू येकटा."

मी म्हटलं, गाढवा, मग तोंडानं सांगायचं. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू थांबला असतास, आणि वहिनींचं पाप माझ्या माथी आलं असतं. मी म्हटलं, आणि आता आलं नाही का? यावर त्यानं डोळे पुसले, आणि बोटांचा हिंग डोळ्यांत जाऊन आणखीच पाणी आलं. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. त्यानं शपथ घेतली की पुढच्या वेळी पांढरी टाकीन. आम्ही दोघांनीही मतदानावर बोलायचं नाही हा नियम मोडला होता, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणजे आता आणखी एक गुपित, तेही मलाच सांभाळायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर चौथं मतदान झालं. उमेदवार पुन्हा गुरांचा डॉक्टर. त्यानं आपणहून परत अर्ज दिला होता. माझ्याजवळ म्हणाला, काका, तुमी दारावर असता तिथं मला यावंसं वाटतं. बायकोला मी सांगून टाकलं की या वेळी नक्की. तिनं लेकीला सांगून माझ्यासाठी खोलीत वेगळा पलंग लावून घेतला, फोटो पाठवला. पलंगाशेजारी काठी ठेवायला कोपरासुद्धा मोकळा ठेवला होता तिनं.

मी स्टुलावर बसून होतो. आत मतदान चालू झालं हे ठोक्यांवरनं कळलं. तंबाखू मळली, तोंडात टाकली. बायको असली की खाऊ देत नाही. खिडकीतनं खालची टपरी दिसत होती, डॉक्टर इस्त्रीच्या कपड्यांत बसला होता, चहा थंड होऊन त्यावर साय धरलेली. आणि माझ्या मनात आलं, की हे सगळं आज संपणार. हे स्टूल, ही हातभर खिडकी, गल्लीतला हा गोंगाट, मंगळवारच्या ताकाबरोबर शेठशी होणारं भांडण. सहा वर्षं मी अडकलो अडकलो म्हणून गावभर सांगत हिंडलो. पेठेत कुणी भेटलं की मी पहिलं तेच सांगायचो, राव, लई अडकलोय. आणि आता दार उघडायची वेळ आली तर मला ती लिफ्ट दिसायला लागली. बारावा मजला दिसायला लागला. तिथनं मला कोण मोकळं करणार होतं? तिथं तर आठवा माणूस येणारच नव्हता.

दार उघडलं, मला आत बोलावलं. पेटीसमोर उभा राहिलो. शेठ खुर्चीतनं माझ्याकडं बघत होता, एखादं काम चोख केलेल्या माणसासारखा.

हात चुकला असं मी म्हणणार नाही. उजेड कमी होता असंही नाही. बघून उचलली आणि बघून टाकली.

शेठनं खण ओढला. बराच वेळ खणाकडं बघत राहिला. मग काळी बी उचलली आणि, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं, ती नाकाशी धरली. ज्याचा जन्म वासावर गेला त्याला तंबाखू-चुना ओळखायला किती वेळ लागणार? त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. झाला नाही. त्याच्या तोंडाकडं मला जास्त वेळ बघवलं नाही. उमेदवार नापास, असं त्यानं खालच्या आवाजात सांगितलं आणि बी माझ्या तळहातावर ठेवली. विचारायचा नियम नाही, त्यानं विचारलं नाही. नंतर आवरताना मला एक पांढरी बी सापडली, तिला हिंगाचा वास होता. शब्द पाळला होता गाढवानं.

मग मी जिना उतरून टपरीवर गेलो. डॉक्टर उठून उभा राहिला. मी सांगितलं. या वेळी तो माझंच काहीतरी कमी असेल असं म्हणाला नाही. म्हणाला, "काका, कुणाचं मी काय वाकडं केलंय, तेवढं तरी कळतंय का तुमाला?" मी म्हणालो, नाही कळत. त्यानं माझ्या पाया पडून मोटारसायकल सुरू केली. त्या दिवसापासून मी बोरीला पुतण्याकडं गेलो की त्याची गाडी नाही ना, हे आधी बघतो.

संध्याकाळी सातला फोन वाजला. मी दोनदा वाजू दिला. तिनं नातवाचं काही सांगितलं नाही, सरळ विचारलं, "झालं का?"

"न्हाई झालं," मी म्हणालो. "कुणीतरी काळी टाकली."

पलीकडं तिच्या मागं नातू कसलंसं खेळणं आपटत होता. काळी टाकणाऱ्या त्या कुणाचा तरी ती उद्धार करील अशी मी वाट बघत होतो. तिनं केला नाही. तिच्या आवाजात राग नव्हताच. मला समजूत घालायच्या सुरात म्हणाली, "तुमी जिवाला लावून घेऊ नका. तुमी तरी काय करणार, तुमी तर बाहेर असता. परत एकदा ओझरला जाऊन या. या खेपंला नारळ फोडून सांगा."

"जातो," मी म्हणालो.

संकष्टीला गेलो. रांग मोठी होती. नारळ फोडला. मोठ्यानं मात्र या वेळी काही सांगता आलं नाही, आणि मागचा माणूसही आटपा म्हणाला नाही.